ओवी शुद्ध झाली आणि दळण अडलं

साताऱ्यातल्या ज्या माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते, तिथे नववीची मुलं दरवर्षी एक हस्तलिखित काढतात. गेल्या वर्षी विषय ठरला होता ‘आमच्या घरातलं साहित्य’. छापील पुस्तकातलं काही घ्यायचं नाही, घरात जे म्हटलं जातं, सांगितलं जातं ते आणायचं. कुणी उखाणे आणले, कुणी आजोबांच्या म्हणी. कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून एसटीनं येणाऱ्या मुलीनं आजीच्या जात्यावरच्या सात ओव्या आणल्या. वहीत पेन्सिलीनं, कानाला जशा ऐकू आल्या तशाच लिहिलेल्या. त्यातली पहिली ही (किन्हई हे गावाचं नाव) :

वाटंवं किन्हईच्या
धुरळा गं कशायाचा
हौशा माझ्या बंधवाचा
टांगा आला

संपादक मंडळात चार मुलं होती. त्यांना मी तीन कामं सांगितली : शुद्धलेखन तपासा, रचनेचा प्रकार ठरवा, अलंकार शोधा. याच क्रमानं सांगितली. पुढं जे झालं त्याचं मूळ या क्रमात आहे आणि तो क्रम माझा होता, म्हणून हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे.

मुलांनी काम मन लावून केलं. आधी शुद्धलेखन झालं. ‘वाटंवं’चं ‘वाटेवर’, ‘कशायाचा’चं ‘कशाचा’, ‘हौशा’चं ‘हौशी’, ‘बंधवाचा’चं ‘भावाचा’. ‘गं’ला अर्थ नाही म्हणून तो काढला. हाती आलं ते असं :

किन्हईच्या वाटेवर
धुरळा कशाचा
हौशी माझ्या भावाचा
टांगा आला

मग प्रकार ठरवायला अक्षरं मोजली. आठ, सहा, सात, चार. कुठल्याच साच्यात बसेना. त्या चौघांत एक मुलगा आहे, गावच्या भजनात आजोबांच्या शेजारी बसून टाळ वाजवणारा. त्याच्या कानाला शेवटच्या चरणाची चार अक्षरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणातलं यमक लगेच ओळखू आलं. मोठ्या अभंगाची ठेवण हीच : पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्याला. त्यानं दहा मिनिटांत दुरुस्ती करून आणली :

किन्हईची वाट
धुरळा कशाचा
माझिया भावाचा
टांगा आला

सहा, सहा, सहा, चार. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. ‘माझिया’ हे रूप तर थेट संतांच्या वळणाचं. मी समासात ‘उत्तम’ असं लिहिलं आणि पानाला ‘अभंग’ हे शीर्षक द्यायला परवानगी दिली.

सुवाच्य प्रत ती मुलगी आजीला वाचून दाखवायला घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “बाई, आजी म्हणती, ही माझी न्हवं.” मला वाटलं, शब्द बदलल्यामुळं आजींना परकं वाटलं असेल, होतं असं. तसं मी तिला सांगितलंही. ती गप्प बसली. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पुन्हा आली. “बाई, आजीनं जात्यावर बसून म्हणून बघितली. म्हणताच येईना.”

आवडली नाही ही एक गोष्ट, आणि म्हणता येत नाही ही वेगळी. रचना साच्यात चोख बसली असताना ती म्हणता का येऊ नये, या प्रश्नानं मी अस्वस्थ झाले. त्यानंतरच्या रविवारी आम्ही पाचजण त्यांच्या घरी गेलो.

जातं पडवीत होतं. रोजचं पीठ गिरणीतूनच येतं, पण तूर भरडायला आणि घरात लग्न निघालं की हळदीला ते अजून लागतं. आजींनी खुंटा ठोकून घट्ट केला, मूठभर तूर वैरण म्हणून, म्हणजे जात्याचा घास म्हणून, घातली आणि आधी स्वतःची ओवी म्हटली. मुलांना मी सांगून ठेवलं होतं, शब्द ऐकू नका, हाताकडं बघा. दोघांनी फेरे मोजले, दोघांनी अक्षरं.

मोजणी जुळल्यावर मुलं एकमेकांकडं बघत राहिली. आजींच्या चालीत जात्याच्या एका फेऱ्यात चार अक्षरं बसत होती. ‘धुरळा गं कशायाचा’, आठ अक्षरं, दोन फेरे. ‘हौशा माझ्या बंधवाचा’, पुन्हा आठ, पुन्हा दोन फेरे. पहिल्या चरणात कागदावर सातच अक्षरं आहेत, पण तोंडात ती ‘वाटंऽवं’ अशी येते, टं लांबतो आणि आठव्या अक्षराची जागा भरून निघते. ‘टांगा आला’ म्हणजे चार अक्षरं, एक फेरा. त्या एका फेऱ्यात आजी खुंटा एका हातानं ओढत होत्या आणि दुसऱ्या हातानं जात्याच्या तोंडात वैरण टाकत होत्या. चौथा चरण अर्धा का, याचं उत्तर आम्ही वर्गात ‘तशी पद्धत आहे’ इतकंच देत आलो होतो.

मग त्यांनी अभंग म्हणून दाखवला. ‘किन्हईची वाट’, सहा अक्षरं, दीड फेरा. आवाज संपला तेव्हा खुंटा त्यांच्यापासून लांब, जात्याच्या पलीकडच्या बाजूला होता. पुढच्या चरणाला जोर लावायचा तर हात अंगाजवळ नाही. दुसऱ्या चरणाला गाडं रुळावर आलं, तिसऱ्याला पुन्हा घसरलं. जातं दोनदा थांबलं. आजींनी एकदा सहाची आठ करून, प्रत्येक चरण ओढून म्हणून बघितलं, आणि मान हलवली. “वढली तर येती वो बाई, पण रडाया लागल्यागत व्हतीया. भाऊ आलाय न्हवं तिचा?”

त्या दुपारी मला कळलं की मुलांनी ओवीचा साचा शोधलाच नव्हता. साचा ओवीत आधीपासून होता, आठ-आठ-आठ-चार असा जवळजवळ काटेकोर. शुद्धलेखनाच्या पहिल्याच फेरीत आम्ही तो मोडला आणि मग मोडलेल्या तुकड्यांवर प्रकाराचं नाव शोधत बसलो. ‘कशायाचा’मधला ‘या’ अशुद्ध नव्हता, ते भरीचं अक्षर होतं. ‘कशाचा’ म्हटलं तर फेरा अपुरा पडतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तो ‘या’ तिथं घातला. ‘वाटंवं’ हे ‘वाटेवर’चं बिघडलेलं रूपही नाही, या भागातली बोली तशीच आहे.

‘गं’ची गोष्ट याहून मोठी आहे. तो गाळणारी मुलगी संपादक मंडळातली सगळ्यांत चोखंदळ. तिनं आजींना विचारलं, “आजी, हा गं कुणाला?” आजी म्हणाल्या, “जी म्होरं बसलीया तिला.” जड दळण एकटीनं होत नाही. दोघी समोरासमोर बसतात, खुंट्यावर दोघींचा हात असतो. ‘धुरळा गं कशायाचा’ हा प्रश्न समोरच्या जावेला किंवा नणंदेला आहे. तिच्यासमोर माहेरच्या माणसाचं येणं सांगायचं आहे. ‘गं’ काढला की समोरची बाई उठून जाते आणि प्रश्न हवेत राहतो. नाटकात ज्याला संवाद म्हणतो तो या दोन ओळींत एका अक्षरावर उभा आहे.

शाळेत परतल्यावर मी फळ्यावर पद्याचे तीन प्रकार नव्यानं मांडले, कारण आपण कशाची मोजणी करतो आहोत हेच मुलांना स्पष्ट नव्हतं. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी मराठी पद्याची वृत्त, जाती आणि छंद अशी वाटणी केली आहे. वृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो, जातीत मात्रांचा हिशेब असतो, छंदात फक्त अक्षरसंख्या.

वृत्तासाठी साताऱ्याच्या मुलांना उदाहरण शोधावं लागत नाही. सज्जनगडावर गेलेलं प्रत्येक मूल मनाचे श्लोक ऐकून आलेलं असतं. २०५ श्लोक, भुजंगप्रयात वृत्त. बारा अक्षरांच्या चरणात लघु-गुरू-गुरू हा ‘य’ गण चार वेळा येतो. ‘मना सज्जना’ यात ‘म’ लघु, ‘ना’ गुरू, आणि ‘स’ दिसायला ऱ्हस्व असला तरी पुढच्या ‘ज्ज’ या जोडाक्षराच्या आघातामुळं गुरू. तिथं ‘मना’चं ‘माना’ केलं की चाल लगेच अडखळते. मुलांनी करून बघितलं, अडखळली. वृत्तात कागदावरची मोजणी विश्वासाची असते, कारण ऱ्हस्व-दीर्घ कागदावर दिसतात. आर्येसारख्या जातीत पहिल्या चरणाच्या बारा मात्रा, दुसऱ्याच्या अठरा, तिसऱ्याच्या पुन्हा बारा आणि चौथ्याच्या पंधरा. तिथंही पेन्सिल पुरते.

ओवी आणि अभंग छंदात येतात. तिथं ऱ्हस्व-दीर्घ मोजत नाहीत, म्हणताना प्रत्येक अक्षराला साधारण सारखाच वेळ मिळतो, लागेल तसं अक्षर लांबतं किंवा आवळतं. म्हणून छंदाची खरी मोजणी तोंडातली. कागदावरच्या आकड्याला तिथं दुय्यम स्थान आहे. हे वाक्य मी वीस वर्षं शिकवत असेन, पण ते शिकवून लगेच वही उघडायला लावून कागदावरचीच अक्षरं मोजून घेत होते.

नावाचाही घोटाळा होता. मुलांना ओवी म्हणजे ज्ञानेश्वरी एवढं पाठ असतं. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झालेल्या त्या ग्रंथात सुमारे ९,००० ओव्या आहेत. त्यांच्या पहिल्या तीन चरणांना यमक असतं, चौथा आखूड आणि यमकाविना सुटणारा, अक्षरसंख्या मात्र लवचीक. ती ग्रंथातली ओवी, निरूपणासाठी वाहती ठेवलेली. जात्यावरची ओवी कंठातली, हाताच्या फेऱ्याला बांधलेली, आणि या आजींकडं तर तिचं यमकसुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. म्हणजे यमकानं अभंगाजवळची, नावानं ज्ञानेश्वरीजवळची, आणि चालीनं दोघींपासून वेगळी. टाळ वाजवणाऱ्या मुलाची चूक अडाण्याची नव्हती हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. अभंग ओवीतूनच घडला असं अभ्यासक मानतात. त्यानं तोच जुना रस्ता कानाच्या आधारानं दहा मिनिटांत चालून दाखवला. त्याचं चुकलं ते एवढंच, की त्याचे हात टाळावर होते आणि ओवी खुंट्यावर होती.

दुसऱ्या ओवीत अलंकारांचा प्रश्न उभा राहिला.

जात्या दगडाच्या द्येवा
तुझ्या पोटात रं माया
माझी झिजली रं काया
तुझ्या संगं

मुलांच्या शुद्ध प्रतीत हिचं झालं होतं ‘हे जात्या, दगडाच्या देवा, तुझ्या पोटात माया, माझी झिजली काया, तुझ्यासोबत’. अलंकाराच्या रकान्यात ‘यमक’ एवढंच. कारण विचारलं तर म्हणाली, बाई, ‘जणू’ नाही, ‘सारखा’ नाही, ‘वाटे’ नाही. सम, समान, सारखा दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे दिसलं की उत्प्रेक्षा. ही खूणगाठ परीक्षेला उपयोगी पडते आणि मीच बांधून देते. पण रूपकाचा सगळा जोर असा शब्द नसण्यात असतो. जातं देवासारखं आहे असं आजी म्हणत नाहीत, त्यांच्यासाठी ते देवच आहे, दगडाचा. उपमेय आणि उपमान यांच्यात फट उरलेली नाही. आणि ‘पोटात माया’? धान्य जात्याच्या पोटात जातं हे दिसतं, माया असणं ऐकू येतं ते ‘रं’मुळं. ‘रं’ हे हाक मारणं आहे, जिवंत माणसाला, तेही जवळच्या. चेतनगुणोक्ती इथं एका अक्षरात आहे. आम्ही ‘हे’ घातला आणि दोन्ही ‘रं’ काढले. अलंकार काढून टाकला आणि मग रकान्यात ‘यमक’ एवढंच लिहिलं.

‘तुझ्या संगं’वर मात्र मुलांचीच चर्चा रंगली, मी बाजूला उभी होते. ‘तुझ्यासोबत’ म्हटलं तर अर्थ तोच राहतो, असं दोघांचं म्हणणं. मग ओव्या आणणारी मुलगी म्हणाली, “संगं म्हणजे जातं पण झिजलं ना?” घरी तिनं ते पाहिलेलं होतं. आजी लग्न होऊन आल्या तेव्हा वरची पाळू, म्हणजे जात्याचा फिरणारा दगड, वीतभर जाड होती, दरवेळी टाकी लावून घेताना, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडून घेताना, थोडी थोडी कमी होत आता चार बोटं उरली आहे. ओवीत जातं झिजल्याचा एक शब्द नाही. काया माझी झिजली इतकंच सांगितलं आहे, आणि ‘संगं’ हा शब्द शेवटी एकटा, अर्ध्या चरणात ठेवला आहे, म्हणजे वैरण टाकण्याच्या त्या फेऱ्यात. व्यंजना शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकात मिळालेलं नाही. वाच्यार्थ झिजलेल्या बाईचा. सुचवलेला अर्थ दोघांनी बरोबर म्हातारं होण्याचा, आणि त्यातून जात्याच्या पोटातल्या मायेला पुरावा मिळतो.

पहिल्या ओवीसाठी मुलांनी ‘अलंकार नाही’ असं लिहिलं होतं. तिथंही मी आधी मान डोलावली होती. पण नीट पाहिलं तर त्या चार चरणांत डोळ्यांचा क्रम आहे : आधी वाट, मग धुरळा, मग प्रश्न, मग माणूस, आणि सगळ्यांत शेवटी टांगा. लांबून येणारं वाहन असंच दिसतं. जे जसं आहे तसं, पण हुबेहूब आणि रम्य मांडणं याला आपल्याकडं स्वभावोक्ती म्हणतात. पाठ्यपुस्तकी सरावात हा अलंकार मागं पडतो, कारण त्याला खुणेचा शब्द नाही. ‘वाटंवं’मधला ‘वं’, म्हणजे ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय, इथं महत्त्वाचं आहे. वाटेवर बघणारी कुणी उभी आहे. अभंगात ‘किन्हईची वाट’ झाली तेव्हा वाट चित्रासारखी समोर आली आणि बघणारी बाई मागं गेली.

गद्याचा भाग थोडक्यात सांगते. ओव्यांच्या आधी आजींविषयी एक पान हवं होतं. त्या मुलीनं पहिल्यांदा निबंध लिहिला, ‘माझी आजी खूप प्रेमळ आहे’ अशी सुरुवात, गुणांची यादी, शेवटी आदर. भेटीनंतर तिनं तो स्वतःहून फाडला आणि फक्त त्या रविवारची दुपार लिहिली : खुंटा ठोकणं, तूर, थांबलेलं जातं, आजीचं मान हलवणं. निबंध विषयाबद्दल बोलतो, व्यक्तिचित्र माणसाला काही करताना दाखवतं, हा फरक तिनं मला न विचारता पकडला. निवेदन तिनं प्रमाण मराठीत ठेवलं आणि आजींची वाक्यं त्यांच्या बोलीत. त्यावरूनच मंडळानं ओव्यांसाठी नियम केला : संपादकांचं ते शुद्धलेखनात, आजींचं ते आजींच्या तोंडचं. कंठातल्या रचना अशाच जशाच्या तशा टिपायच्या असतात हे मी मुलांना हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामावरून सांगितलं. त्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या, त्याही गाणाऱ्या बायकांच्या बोलीत.

मग पानं नव्यानं लिहिली. जिथं आवाज लांबतो तिथं अवग्रह टाकला, ‘वाटंऽवं’. ‘गं’ आणि ‘रं’ परत आले. अपरिचित शब्दांचे अर्थ पानाच्या तळाशी दिले. उरलेल्या पाच ओव्या मुलांनी न मोजता आधी आजींकडून दोनदा ऐकल्या. त्यातल्या दोन कागदावर नऊ-सात अशा दिसतात आणि जात्यावर अगदी सरळ फिरतात. त्या तशाच ठेवल्या.

अभंगाचं काय करायचं यावर मात्र दोन तास गेले. तो काढून टाकावा असं त्या मुलाचंच म्हणणं होतं, त्याला अपराधी वाटत होतं. मी नको म्हटलं. रचना म्हणून तो निर्दोष आहे, यमक स्वच्छ आहे, आणि गावच्या भजनात त्यानं तो आजोबांना म्हणून दाखवला तेव्हा टाळावर नीट चालला. फक्त ती आजींची ओवी नाही, ओवीवरून सुचलेला त्याचा अभंग आहे. वेगळ्या पानावर, त्याच्या नावानं तो घेतला.

अनुक्रमणिकेत तीन रकाने असतात : शीर्षक, प्रकार, कवी. अभंगापुढं मुलाचं नाव आलं. अभंगाला कर्त्याचं नाव शोभतंही, अनेक संतांनी शेवटच्या कडव्यात स्वतःची नाममुद्रा घातलेली असते. ओव्यांपुढं आजींचं नाव लिहायला मुलगी निघाली तर आजींनी थांबवलं. “माझ्या कुठल्या? आत्याबाईंच्या त्या, आन्‌ त्यांच्या आदी कुणाच्या म्हायत न्हाय.” रकाना रिकामाही ठेवता येईना. शेवटी मुलांनी त्या सात ओळींपुरता ‘कवी’ शब्द खोडून वर बारीक अक्षरात ‘म्हणणारी’ असं लिहिलं आणि त्याखाली आजींचं नाव घातलं.